टायमीची झूल

दिग्विजय : बाबा, झूल नाही मिळत इथं. हे सीटकव्हरचं दुकान आहे.

गेनबा : पाटी वाचली म्या. पर शिलाई मशीन हाय न्हवं तुमच्याकडं? मग ही सुतळी घ्या. ही गाठ मानंची, ही शेपटीची. ही दुसरी पोटाच्या घेराची. बैलाची झूल शिवत्यात, तशी कुत्रीची शिवा.

तेजल : आबा, घरी काय ठरलं होतं आपलं? कव्हर सीटला घालायचंय, टायमीला नाही.

गेनबा : का गं? केस कुनाचं गळत्यात, शीटचं का कुत्रीचं?

दिग्विजय : ताई, बाबांचा मुद्दा बिनतोड आहे बगा. अकरा वर्षं झाली लातूरहून येऊन धंदा करायलो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेजल : तुम्ही आणखी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका हो दादा. आम्हाला दोन वाजेपर्यंत माणला पोचायचंय. भाऊबीज आहे. कुशाआजी, म्हणजे आबांची बहीण, ओवाळायला थांबलीय.

दिग्विजय : माझी बी बहीण सांगवीत थांबलीय. बारा वाजता शटर ओढणार मी. बाहेर ती पांढरी गाडी, तीच ना?

तेजल : तीच. आठ दिवस झाले घेऊन. ऋतिकनं, म्हणजे आमच्या मिस्टरांनी, एकच अट घातलीय. कुत्री ने, पण सीटला नख लागायला नको.

दिग्विजय : सीटवरचं प्लास्टिक बी काढलं नाही अजून.

तेजल : दिवाळी होऊ दे म्हणाले सगळे. सासूबाईंच्या बहिणी यायच्यात गाडी बघायला.

गेनबा : येवढं तर आमच्यात नव्या सुनंला जपत न्हाईत.

दिग्विजय : हे बगा ताई. रेक्झिन. पाणी सांडू द्या, चिखल होऊ द्या, फडकं मारलं की झालं. पुढच्या दोन्ही सीटांचंबी घेऊन टाका, दिवाळीची ऑफर आहे.

तेजल : पुढचं नको. हे बाजूनं बंद आहे, मग सीटच्या आतली एअरबॅग बाहेर कुठून येणार? सीटच्या कडेला एक शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची असते. धक्का बसला की ती उसवायला पाहिजे. तुमचं कव्हर त्याच्यावर ताणून बसलं की उसवून उपयोग काय?

दिग्विजय : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तेजल : सांगायचंय कुणी? ती शिवण मीच घालते. सीटांच्या कंपनीत आहे मी, इथंच चाकणला. सहा वर्षं.

गेनबा : ह्या गाडीची शीट बी हिनंच शिवली आसंल.

तेजल : मी नाही तर माझ्या शेजारच्या मशीनवरच्या अनितानं.

दिग्विजय : मग संपलंच. आता तुम्हाला मी काय विकू? बरं, ही बगा. झोळी. चार पट्टे चार हेडरेस्टला अडकवायचे. मधली पाय ठेवायची जागा झाकली जाते, ब्रेक मारला तरी कुत्रं खाली पडत नाही. माणच्या आयटीतली पोरं हीच नेतात.

गेनबा : झोळी बरी. बारक्या पोराला बांधत्यात तशी. बांधा, चढवून बघू. टायमे, ये. चल माजे बाय.

दिग्विजय : टायमी हे कसलं नाव?

तेजल : ओव्हरटाइम. माझ्या पहिल्या ओव्हरटाइमला हे पिल्लू कंपनीच्या बसमध्ये येऊन माझ्या पायाशी बसलं. आबांच्या तोंडात ओव्हरटाइम बसेना, त्यांनी टायमी केलं. मग माझं लग्न झालं, मी पिंपळे गुरवला गेले. ही आबांकडंच राहिली.

दिग्विजय : चढली की. अरे, अरे. पडली.

तेजल : लागलं का तिला, आबा?

गेनबा : न्हाई लागलं. घसारली. भ्यायली.

दिग्विजय : बाबा, हिला मागं एकच पाय?

गेनबा : दोन वर्सांपूर्वी दोन व्हते. ह्याच दिवशी. मी यस्टीनं माणला निघालो, हिला गोठ्यात बांधून. हिनं दोरी कुरतडली आन् यस्टीच्या मागं पळत सुटली. पार हायवेपतुर. मी मागल्या काचंतनं बघतुया, कंडक्टरला म्हनतुया थांबवा, थांबवा. तवर ट्रक आला.

दिग्विजय : मग?

गेनबा : मग काय, उतरलो. धोतरात गुंडाळून डाक्टरकडं नेली. पाय गेला, कुत्री वाचली. तवापासनं हिला सोडून मी कुटं गेलो न्हाई. यस्टीत हिला घेत न्हाईत, रिक्षावाला थांबत न्हाई. मागल्या साली कुशीला फोन केला, म्हनलं ताप आलाय.

तेजल : म्हणजे ताप नव्हता?

गेनबा : न्हवता.

तेजल : मला वाटलंच होतं. आबा, एक सांगू? गाडी घेताना मी सगळ्यांना सांगितलं, कंपनीत जायला-यायला पाहिजे म्हणून. कंपनीची बस तर माझ्या दारात येते.

गेनबा : मग गाडी कशाला घेतलीस?

तेजल : ह्याच्यासाठीच. आणि आता ही बया चढत नाही.

दिग्विजय : थांबा ताई, दुसरं बगू. हे मखमली. ह्याच्यावर नाही घसरणार. ठेवा तिचे पाय, हळू. नाही हो, हे बी सरकायलंय.

गेनबा : मालक, जरा माजं ऐका. शर्यतीला बैल टेम्पोत घालायचो ना आमी, तवा खालचा पत्रा दिसू द्यायचो न्हाई. माती टाकायची, वर बारदान हातरायचं. बैलाचा पाय एकदा का निसटला, पुन्यांदा तो त्या टेम्पोकडं बघत बी न्हाई. तुमी दोघं मघापासनं शीटच बघताय. हिचा पाय कुनी बघितला?

दिग्विजय : बारदान. शेजारी कांद्याची वखार आहे, कोरं बारदान आत्ता आणतो. झोळीवर शिवून टाकू. पण माझा शिलाईवाला दिवाळीला गावी गेलाय. मी कापतो बरं, मशीनवर मात्र माझी शिवण नागमोडी.

तेजल : मशीन दाखवा मला. आबा, बारदान किती लांब कापायचं?

गेनबा : सुतळी हाय की. मान ते शेपूट.

दिग्विजय : ही घ्या. मीच खिशात घालून बसलोय.

(आत मशीनचा आवाज, बराच वेळ. मग थांबतो.)

दिग्विजय : आयला, काय शिवण आहे ताई. फूटपट्टी लावून बगा.

तेजल : कडेनं पट्टी फिरवलीय. बारदानाचा धागा तिच्या नखात अडकायला नको. लावा आता.

दिग्विजय : लावली, पण बसत नाही. खालच्या प्लास्टिकवरनं आख्खी झोळी सरकायलीय. प्लास्टिक काढावं लागंल.

गेनबा : ऱ्हाऊ दे तेजे. तुज्या घरात वाद नको. मी कुशीला फोन लावतो, तिला समजंल.

तेजल : आणि काय सांगणार? ताप आला? दादा, कात्री द्या.

दिग्विजय : आणि सासूबाईंच्या बहिणी?

तेजल : येऊ देत. सीट दाखवीन, कुठली शिवण कशाला असते ते पण समजावून सांगीन. रोज तीनशे सीटा ह्या हाताखालून जातात माझ्या, आणि स्वतःच्या गाडीतल्या सीटला अजून बोट लावलं नव्हतं. मऊ आहे हो आबा. चांगली शिवलीय.

गेनबा : टायमे, ये. तुमी घाई करू नका कुनी. पुढचं पाय टेकू द्या तिला. हां. आता मागला. रुतला बघा. रुतला.

दिग्विजय : चढली. बसली बी.

तेजल : शेपूट बघा कशी आपटतेय. चला आबा, पुढं बसा, बेल्ट लावते तुम्हाला.

गेनबा : मी हिच्यापाशी बसतो. पट्टा हितं बी आसंल की.

दिग्विजय : ताई, दिवाळीनंतर एका रविवारी या की. ही झोळी आणखी चार शिवू, दुकानात लावतो. मला बी शिकवा. नाव ठेवू, टायमीची झूल.

गेनबा : बघा, शेवटी झूलच शिवली ना. तुमी बी निघा आता, बारा वाजून गेलं. बहीण वाट बघत आसंल.

दिग्विजय : रागावली असंल.

गेनबा : रागावू द्या. बहिनी रागावल्या की करंजी एक जादा वाढत्यात. तेजे, तेवढा फोन लावून दे. हॅलो, कुशे. मी गेनबा. न्हाई, न्हाई, ताप न्हाई आला औंदा. येतोय. तेजीच्या गाडीत. व्हय, टायमी बी हाय संगं. बरं. बरं, सांगतो.

तेजल : काय म्हणाली कुशाआजी?

गेनबा : म्हनली, दोन वर्सं पाट मांडला आन् रिकामाच उचलला. आज दोघं बी बसा.