टीमवर्कला टिक करा

नाही, मला सांगा बायांनो, तपासणीला नंबर लावून बसल्याच आहात बाकावर तर सांगा, आपण जेवताना आमटीला विचारतो का, की बाई गं, भाताशी तुझं सहकार्य कसं आहे? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?... टिक करा म्हणे!

मी चारुलता, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि तुम्हाला सांगते, उरणच्या या हॉस्पिटलात ड्यूटी लागल्यापासून इंजेक्शनं कमी दिली नि कागद जास्त भरले! आमच्या कॉलेजनं नवीन फॅड काढलंय, प्रश्नावली. डॉक्टर, सिस्टर, स्टुडंट, सगळ्यांनी एकमेकांना मार्क द्यायचे. 'सहकारी तुमचं ऐकून घेतात का?' आता आमचे डॉक्टर अरविंद, भला माणूस, पण विमलबाई सिस्टरच्या नावापुढे टिक केली 'कधीकधी'वर. संपलं! बाईचं आयुष्य गेलं बाळंतपणं करण्यात... "कधीकधी? मी कधीकधी ऐकते?" तेव्हापासून बोलणं बंद, आणि मधे मी! "चारू, डॉक्टरांना सांग, कापूस संपलाय." अहो, डॉक्टर हातभर अंतरावर उभे!

अशात परवा दुपारी कॉलेजातून जयप्रकाश सर हजर. सफारी सूट, खिशाला तीन रंगांची पेनं... "मी फक्त बघून टिक करणार. मी इथे नाहीच असं समजा." बरं, समजलो. तेवढ्यात मोरा बंदरावरून मासळीचा टेम्पो आला नि त्यात सगुणा, पहिलटकरीण, कळा पार टोकाला. सासू वेणूबाई आमच्या हातातले कागद बघून ओरडतेय, "आगो बाय, लिवताव काय? पोर भायेर येतंय!" सगुणाला आत घेतली आणि लाईट गेली! खिडकीचा उजेड तो केवढा? विमलबाईंनी बॅटरी सरांच्याच हातात कोंबली, "इथे नाही ना तुम्ही? मग नसलेल्या हातानं धरा!"

डोकं आलं... आणि गळ्याभोवती नाळेचा वेढा, घट्ट! पण बघा हं, अबोला गेला कुठल्या कुठे. डॉक्टरांनी हात पुढे केला, की चिमटा त्यात आधीच! "सगुणा, आता जोर नको, तोंडानं श्वास सोड," विमलबाई. डॉक्टरांनी नाळ कापली, बाळ माझ्या हातात... निळं. गप्प. मी नळीनं घशातलं पाणी ओढतेय, बाई पाठ चोळतायत, डॉक्टर तळपायाला टिचक्या मारतायत... आणि मग जे रडलं म्हणता! बाहेर वेणूबाई रडली, आत सगुणा हसली, आणि विमलबाई म्हणाल्या, "छान केलंत हो, डॉक्टर." थेट! मला मधे न घालता!

आणि बॅटरी? बॅटरी जमिनीवर. शेजारी सर! पाणी मारलं, चहा पाजला, विचारलं, "सर, टीमवर्क कसं वाटलं?"

"मी... डोळे मिटले होते."

डॉक्टर नि सिस्टर एका सुरात, "मग काय झालं? टिक करा की!"

"न बघता कशी करू? निरीक्षण पुन्हा घ्यावं लागेल."

पुन्हा! म्हणजे काय सगुणाला सांगायचं, बाई, ठेव परत?

तर ते येतायत मंगळवारी, दुपारी. काय करणार, सरकारी काम... म्हणून विचारते, तुमच्यात नववा भरत आलेली कोण आहे? अगं लाजतेस काय, मंगळवारचं जमतंय का बघ ना बाई!