पाझरणारी गाठ

विलायतेत कापसाचा भाव सोन्याला टेकला होता, म्हणून अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या गाडीवर जानराव आणि त्याची बायको मनकर्णा भांडत होते. मागच्या गाडीवर नवऱ्याशेजारी बसलेल्या दुर्गाबाईनं कान टवकारले.

"अवो, तुमच्या कपायावरच्या गाठीले घाम सुटला."

"वैद्य म्हने गाठ गरीब हाय. नुसती पाझरते."

"खोटं बोललं का पाझरते! वजनासाठी कापसावर पानी कोनं मारलं?"

"मले काय मालूम!"

"पाहा, टपकली!"

"चूप! दलाल येऊन राहिला."

"जानराव, कापूस ओला काहून?"

"मालक, पानी नाई मारलं. या गाठीचाच घाम सांडला!"

गाठ धो धो वाहू लागली.

"अरे बाप्पा, खरंच हाय! जाऊ दे गाडी."

दुर्गाबाईनं आपल्या ओल्या कापसाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या कोरड्या कपाळाकडे.

"अवो, तुमाले एखांदी गाठ नाई का?"