चिमीचा आरडाओरडा

परवा माझ्या सात महिन्यांच्या नातीला, चिमीला, डोळे तपासायला नोएडात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिचा उजवा डोळा हाताने झाकला, तशी पोरीने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. मी उसळलोच.

"मॅडम, बच्ची को सता क्यों रही हैं? अखबार में छापूँगा!"

"ज़रूर छापिए, अंकल. पहले ये देखिए."

त्यांनी डावा डोळा झाकला. चिमी खुदकन हसली.

त्या डोळ्याने तिला नीट दिसतच नव्हतं, मग तो झाकला काय नि उघडा ठेवला काय! चांगला डोळा झाकला, तेव्हा मात्र ती भांडली. बाई म्हणाल्या, वेळेत कळलं, इलाज होईल.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी आरडाओरड्याचा उपयोग झाला."