जावईबापूंचे प्रस्ताव

—नाही नाही मॅडम, वाचल्याशिवाय मी एकही प्रस्ताव मंजूर करत नाही, हे आधी लिहून घ्या. लिहिलंत? हं. आता बसा निवांत. ही खुर्ची नको, हिचा पाय लंगडतो— ती घ्या, ती ताईंची, आता रिकामीच असते. तर मुख्य कार्यालयाने तुम्हाला पाठवलंय ते लिफ्टच्या दारासाठी, बरोबर ना? आठ सेकंद उघडं राहणारं दार तीन सेकंदांत मिटलं आणि त्या निवृत्त मास्तरीणबाईंचं मनगट मोडलं. वाईट झालं, फार वाईट झालं. पण दाराला तीन सेकंद कोणी सांगितले? मी? छे! जावईबापूंनी.

जावईबापू म्हणजे हे यंत्र हो, ह्या कॉम्प्युटरमधलं. आम्ही लाडाने म्हणतो. थाटच तसा— येऊन दोन वर्षं झाली, पण कुणाची एक शब्द बोलायची टाप नाही. पूर्वी लिफ्टच्या प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची तर माणूस चार दिवस डोकं खाजवायचा, मग दुसऱ्यापुढे प्रस्ताव ठेवायचा, तो दुसरा दहा चुका काढायचा, दोघं कडाकडा भांडायचे, आणि मग कुठे ती ओळ लिफ्टपर्यंत पोचायची. आता? काय बदलायचं ते जावईबापूच ठरवणार, तेच लिहिणार, वर स्वतःचं कौतुक जोडून प्रस्ताव धाडणार— ‘दार अधिक गतिमान केले आहे.’ गतिमान! विचारा मास्तरीणबाईंना. दिवसाला असे चाळीस. आणि नियम काय, तर शेवटी एका माणसाने वाचून ‘मंजूर’ म्हणायचं. तो माणूस मी.

चाळीस कसे वाचतो? अनुभव, मॅडम! सव्वीस वर्षं हेच करतोय. आमच्या ताई— माझ्याच बरोबरीच्या, ह्याच कामावर— त्या दिवसाला तीन वाचायच्या. तीन! ओळीवर बोट ठेवून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. वर जावईबापूंना उलट प्रश्न— हे कशाला, आणि आत शिरणारं माणूस म्हातारं असलं तर? साहेबांनी तक्ता मांडला— माझे चाळीस, त्यांचे तीन. ताईंना खाली तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं आणि मला तो काचेचा चषक दिला, कपाटावर आहे बघा, धूळ बसलीय. जाताना ताई म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही खरंच वाचता ना हो?’ मी हसलो. दुसरं काय करणार? मेल्याहून मेल्यासारखं झालं— म्हणजे, ते नका लिहू. वाईट वाटलं, एवढंच लिहा.

हा आवाज? काही नाही, जावईबापूंचा नवा प्रस्ताव आला. कशाचा? असेल कशाचा तरी... दाराचाच दिसतोय. ‘दाराच्या वेळेत सुधारणा.’ बरं, चला, खाली चहा घेऊ. नको? कॉफी? अहो, दहा मिनिटांत परत येऊ. आत्ता वाचून दाखवू? तुमच्यासमोर? वाचतो की, त्यात काय मोठं! ही पहिली ओळ— ही म्हणजे दार— दार मिटायच्या आधी— नाही, थांबा, हे वेगळंच आहे काहीतरी. चष्मा कुठे ठेवला मी? डोळ्यांवरच आहे. पूर्वी हे असं नव्हतं हो, हे मीच लिहिलं होतं, पण तेव्हा चार ओळींत होतं, ह्याने त्याचं पार— खरं सांगू? पहिले सहा महिने मी वाचलं. मनापासून वाचलं, डोळे सुजेपर्यंत. मग— किती वाजले? अहो, उठा ना! गच्चीवर जाऊ, हवा छान आहे, पाया पडतो तुमच्या, पाच मिनिटं बाहेर तर उभं राहू—

पुन्हा वाजलं यंत्र. बघू नका तिकडे. काय लिहिलंय? ‘मंजूर. ओळ न् ओळ वाचली. उत्तम काम.’ आणि खाली माझं नाव. नाही मॅडम, मी नाही, माझे दोन्ही हात टेबलावर आहेत, तुम्ही स्वतः बघताय—

हो. बघताय खरं.

लिहा मग. माझीच करणी आहे ती. दीड वर्षापूर्वी छोटासा प्रोग्राम लिहिला— प्रस्ताव आला की अकरा मिनिटं गप्प बसायचं, म्हणजे माणूस वाचतोय असं वाटावं, मग ‘मंजूर’ म्हणायचं. अधूनमधून एखादी क्षुल्लक चूक काढायची, म्हणजे कुणाला संशय नको. जावईबापू चूक सुधारून आभार मानतात, माझा प्रोग्राम म्हणतो, ‘अहो, आभार कसले!’ इतकं गोड आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही. आणि मी? मी खुर्ची उबवतो. ताई असत्या तर ते तीन सेकंद त्यांनी पहिल्या फटक्यात पकडले असते, हेही लिहा, माझ्या तोंडचं म्हणून लिहा.

आत्ताचा? तो गेला की. आता थांबवता येत नाही, मंजूर झाला की तडक सगळ्या लिफ्टना जातो, पोचलासुद्धा असेल. आता दार किती सेकंदांचं झालं? मला काय विचारताय, मॅडम? मला काय माहीत.