मंगळवारी जिन्यात

— कोट काढून ठेव की, पोरी, आणि त्या खुर्चीवर नको, ती लेटनची — वेडेपणा म्हण हवं तर, पण आज त्याची पहिली मोठी मॅच, आज तिथे दुसऱ्या कुणी बसू नये. तर तुझ्या पेपरला त्याचे सुरुवातीचे दिवस हवेत. मग बरोबर दारात आलीस. क्लबवाल्यांना त्याचे गोल माहीत, मला त्याचे मोजे माहीत. बाहेरगावची पोरं क्लब आमच्यासारख्यांच्या घरी ठेवतो ना — मिसेस हॅलिवेलकडे राहायचं म्हणजे साडेनऊला दिवे बंद आणि शुक्रवारी मासे, हे सगळ्या पोरांना पाठ. चौदाव्या वर्षी आला हा, व्हाइटहेवन बंदरावरून. पहिला महिना उशीत तोंड खुपसून रडला. आणि तोंड तरी काय, बोटीवरच्या माणसाचं — मी म्हटलं, बाबा रे, भिंतीवर मेरीमाता आहे, तिच्यासमोर तरी शिव्या नकोत. तर म्हणतो कसा, मग तिला जरा तोंड फिरवायला सांगा, मिसेस एच.

लिही, ते लिही, त्याला आवडेल. सोळाव्या वर्षी अठराखालच्या संघात बावीस गोल. मग गेल्या साली वर्षभरासाठी एका छोट्या क्लबला उसना दिला — तिथले बचावपटू म्हणजे खाटीक. एक जण म्हणाला, बाळा, आईने डबा दिलाय का. लेटनने त्याच्या पायांमधून चेंडू काढून गोल मारला आणि परत येताना त्याला म्हणाला, डब्यात हे होतं. सुजलेले घोटे घेऊन यायचा, पण तक्रार नाही. आणि परवा गुरुवारी मोठ्या स्ट्रायकरची मांडी आखडली, मॅनेजरने सांगितलं, शनिवारी तू. मी तेव्हाच चर्चमध्ये गेले. दोन वर्षं चहात साखर घातलेली नाही मी — तो पहिल्या संघात उतरेपर्यंत घालायची नाही, असं बोलले होते संत ज्यूडपाशी. तीन वाजता शिट्टी वाजली की घालणार.

आजारपण? छे, दणकट आहे पोरगं. दर रविवारी क्लबचा कागद भरावा लागतो मला — जेवला का, झोपला का, काही दुखलं-खुपलं का. चार वर्षं मी खरं तेच लिहिलंय. म्हणजे — जवळजवळ. जानेवारीत सकाळी न्हाणीघरात पडला, एवढंच. आवाज झाला म्हणून गेले तर फरशीवर आडवा. मिनिटभराने उठला, हसला, म्हणाला, कागदावर लिहू नका हं, मला बाहेर बसवतील. मी नाही लिहिलं. नऊ दिवसांची प्रार्थना धरली, रोज मेणबत्ती. आणि नऊ दिवसांत एकदाही पडला नाही — मग आणखी कसं उत्तर द्यायचं देवाने? तूच सांग. मी तसंच धरून चालले. मंगळवारपर्यंत.

मंगळवारी जिन्यात. बूट हातात, वर जात होता, बोलता बोलता खाली कोसळला. ओठ निळे झालेले. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, प्रार्थनेचे शब्दसुद्धा आठवेनात. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला — शनिवार होऊ द्या, मिसेस एच, मग डॉक्टरकडे तुमचा हात धरून येतो. म्हणून आणखी नऊ दिवस धरलेत. आज पाचवा.

वडील? नाहीत त्याला. एकतिसाव्या वर्षी गेले, रविवारी गावच्या मैदानावर खेळत होते, उभे होते ते पडले, पुन्हा उठले नाहीत. त्याची आई ख्रिसमसला आली होती, बटाटे सोलता सोलता बोलली. क्लबच्या फॉर्मवर घरात कुणाला हृदयविकार आहे का, असं विचारलेलं असतं, तिथे लेटनने ‘नाही’ असं लिहिलंय. त्यांच्या तपासण्या होतात ना दरवर्षी, सापडलं असतं की काही असतं तर. सापडलं असतं.

लिहायचं का थांबलीस?

कुणाला लावतेस फोन, मॅनेजरला? थांब. आत ठेव तो. अगं, एकदा का हे त्यांच्या कानावर गेलं की पुन्हा बूट घालू देणार नाहीत त्याला, कधीच, मग तो काय करेल, बोटीवर जाईल? आजचा दिवस जाऊ दे. दीड तासाचा तर प्रश्न आहे, देव काय एवढा —

माझ्याकडे असं बघू नकोस, पोरी.

मलाही माहीत होतं. मंगळवारपासून माहीत आहे. शब्द आठवेनात तेव्हाच कळलं होतं.

लाव. लाव फोन. लागतोय? नाही ना लागत — मॅचच्या आधी मॅनेजर सगळ्यांचे फोन जमा करून घेतो, स्वतःचासुद्धा बंद ठेवतो. किती वाजले? अडीच? मग बसलीस काय. मैदान या उताराच्या खाली, धावत दहा मिनिटं, खेळाडूंचं दार नदीच्या बाजूला. दारावरच्या माणसाला म्हण, मिसेस हॅलिवेलने पाठवलंय, तिने कागदावर खोटं लिहिलं. असंच म्हण. मी नाही येत, त्याच्यासमोर मला उभं राहवणार नाही. कोट राहू दे, अगं — जा.