भामचंद्रावरून दिसलेलं गाव

वैशाखातली सकाळ होती. चाकणच्या थांब्यावर सुमनताई तळेगावच्या एसटीची वाट पाहत होत्या. शेजारी बोचकं घेऊन बसलेल्या अंबूबाई आपल्याला सोडायला आलेल्या शेजारच्या ताहेराशी बोलत होत्या.

“मावशी, परवा गावाच्या वनभोजनाला डोंगरावर गेलात, तवापासून धड जेवला न्हाईत.”

“घास उतरंल कसा? चाळीस वर्सं भामचंद्राच्या पायथ्याला गवत कापलं, पर वर कधी चढलेच न्हाई. परवा माथ्यावर पोचले आन् बाई गं, केवढा मुलूख! येवढं आभाळ एकदम कधी बघितलंच नव्हतं.”

“मग तिथं रडलात म्हणं, ते कशापायी?”

“खाली इंद्रायणी चमकत व्हती. तिच्या वळणावर गढीचा बुरूज. ताहेरा, त्ये माझं माहेर!”

“इंदुरी? इतकं जवळ?”

“सासरचे म्हणायचे, लई लांब हाय. नवव्या वर्सी आणलं, तवापासून मी लांबच समजत व्हते.”

“आई हाय अजून?”

“हाय म्हणत्यात.”

“घरी विचारलंत?”

“सांगून आले.”

एसटी आली. सुमनताईंनी अंबूबाईंना खिडकीची जागा दिली.

“कुठं जायचं?” कंडक्टरनं विचारलं.

“माहेराला.”

“अहो, गावाचं नाव सांगा.”

“इंदुरी!” अंबूबाई सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या.