दोन मारुती शिंदे

गावकरी मंडळी, पौडाहून आलेले मास्तर, आणि माझ्या आयाबायांनो. समद्यांना हात जोडते. देवळापुढं एवढी माणसं जमलीत. सभेत मी आजवर कधी बोलले न्हाई. माझं बोलणं शेतात, न्हाईतर भांडणात. पण आज दुसरा कोण बोलंल?

बाहेरगावची मंडळी बी हायेत, म्हणून सांगते. मी मारुतीची थोरली बहीण, अनसूया. ह्या भरे गावाची लेक, नांदे गावाला दिलेली. हा समोरचा कलश माझ्या भावाचा हाय. आज मी म्हणते, व्हय, त्याचाच हाय. पण हे म्हणायला मी लई येळ लावला. का लावला, तेवढंच सांगते.

मगाशी पुढारी बोलले. मारुतीनं एकट्यानं चौकी धरून ठेवली, म्हणाले. साहेब, राग मानू नका. तुमाला हे कुणी सांगितलं? तुमी तितं व्हता का? आज हार घेऊन आलात, बरं वाटलं. पण मारुती बेपत्ता झाला तवा ह्या वाटेनं कुणी आलं न्हवतं.

बेपत्ता. तारेत एवढाच शब्द व्हता. काश्मिरात लढाई झाली, बाकीची पोरं आली, ह्यो आला न्हाई. मेला म्हणावं तर मेला न्हाई. जिता म्हणावं तर जिता न्हाई. मग गावानंच ठरवलं. कुणी म्हणालं पळाला. कुणी म्हणालं पलीकडं जाऊन मिळाला. एकानं तर त्याला मुंबईत बघितला, गिरणीच्या फाटकात, नवी बायको घेऊन. मी त्या माणसाला विचारलं, "हाक मारलीस का?" तर म्हणतो, गर्दी व्हती.

नाव घेत न्हाई. तो बी हितंच बसलाय.

तारा, माझी भावजय, कुंकू लावून पाण्याला जायची. ती आली की पाणवठ्यावरच्या बाया गप व्हायच्या. कुंकू लावावं तरी बोलणी, पुसावं तरी बोलणी. काय करावं तिनं? सांगा की. तवापास्नं माझं मन असं झालं, की कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघायची. ह्याला काय पायजे?

आणि मग, वरसं गेल्यावर, पलटणीच्या दफ्तरातनं सुभेदार आले. आई-बाप गेलेले, त्याच्या लहानपणच्या खुणा ठाऊक असणारी मीच, म्हणून ओळख पटवायला मला नांद्याहून बोलावून घेतलं. ह्याच देवळात बसलो. सुभेदार म्हणाले, "बाई, डोंगरात रस्ता खणताना एका घळीत दोन जवानांची हाडं मिळाली. बिल्ले गंजलेत, नावं राहिली नाहीत. म्हणून आम्ही जुने कागद काढून हाडांशी ताडून बघतोय. मारुती शिंदेच्या कागदात आहे, डावा पाय मोडून जुळलेला. एका सांगाड्याचा पाय तसाच आहे. हा तुमचा भाऊ. अंगठा द्या, तिकडं दहन करून अस्थी पाठवतो."

माझा हात मागंच सरला.

म्हटलं, "माझ्या भावाचा पाय कधी मोडला न्हाई."

"कागदात आहे, बाई."

"असू दे कागदात. पाय मोडला न्हाई."

मला वाटलं, ह्यास्नी फाईल मिटवायचीय. कुणाची बी राख द्यायची आणि म्हणायचं घ्या, रडा. समदे माझ्यावर उठले. पाटील म्हणाले, अनसूया, दे अंगठा, जीव मोकळा व्हईल त्याचा. माझा नवरा म्हणाला, सरकारशी वाद घालू नगंस. आणि तारा. तारानं माझा पदर धरला. म्हणाली, "वन्सं, द्या की अंगठा. कुणाची बी असूंदेत हाडं. मला एकदाचं सुटू द्या."

मंडळी, त्या घडीला माझं काळीज हललं. तरी मी अंगठा दिला न्हाई. तारा माझ्याशी बोलायची बंद झाली. दिवाळीला तिनं दार उघडलं न्हाई. बरोबरच व्हतं तिचं.

सुभेदार मात्र रागावले न्हाईत. म्हणाले, "पाय नाही, तर काय मोडलं होतं?"

मी म्हटलं, "ते मी सांगणार न्हाई. तुमी सांगा. मी सांगितलं तर उद्या तेच तुमच्या कागदात दिसंल."

त्यांनी कागद पिशवीत घातले. म्हणाले, "ठीक आहे. मी पुन्हा शोधतो."

गेले. मी म्हटलं, आता कसले येत्यात.

पण आले. पुढल्या साली पावसाळा संपून भातं पिवळी झाली तवा आले. बसायच्या आधी म्हणाले, "बाई, पलटणीत मारुती शिंदे दोन होते. दुसरा साताऱ्याकडचा. दोघांचे कागद एकाच पुडक्यात बांधले गेले होते. पाय त्याचा. तुमच्या भावाला भरतीला तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलंय, उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, वर गाठ. आणि घळीतल्या दुसऱ्या सांगाड्याला ती गाठ आहे."

ती गाठ. दर दिवाळीला मी त्याला तेल लावायची, तवा बोटाखाली यायची. तो म्हणायचा, "आक्का, हळू, तितं गुदगुल्या व्हत्यात."

पण मी लगेच व्हय म्हटलं न्हाई. म्हटलं, "ह्या गाठीचं गावात कुणाला विचारलंत?" म्हणाले, "कुणालाच नाही." तरी मी गावातल्या कुणाला कागद वाचू दिला न्हाई. पौडाच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी वाचला, मी परत वाचायला लावला, त्यांनी परत वाचला. गाठच लिहिली व्हती.

मग मी शेवटचं विचारलं. "कसा गेला माझा भाऊ? लढता लढता गेला का?"

खोटं बोलायला ती चांगली जागा व्हती. मी वाटच बघत व्हते.

सुभेदार म्हणाले, "ते कागदात नाही, बाई. दोघं शेजारी शेजारी होते, एवढंच दिसतं. पुढचं मी बनवून सांगणार नाही."

तवा मी अंगठा दिला. गाठीवर न्हाई दिला, ह्या बोलण्यावर दिला. एवढ्या वरसांत "मला ठाऊक न्हाई" म्हणणारा तो पयलाच माणूस मला भेटला.

तेव्हा, मंडळी, माझ्या भावाच्या नावावर आता नवीन गोष्टी रचू नका. तो पळाला न्हाई. तो शेवटपावतर त्याच घळीत व्हता. आमाला एवढं पुरं हाय. तारानं ते ऐकलं, आत गेली, आणि आपल्या हातानं कुंकू पुसलं. मग मोठ्यानं रडली. किती वरसांचं ते रडू, तुमीच समजा. मग बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. उद्या कलश नदीवर तीच नेणार हाय. बाईमाणसानं जाऊ ने असं कुणाला वाटत असंल, तर त्यानं उद्या घरी बसावं.

आणि एक सांगायचं राहिलं. तितं खांबाजवळ फेटा बांधून म्हातारे बाबा बसल्यात ना, ते आमचे पाव्हणे न्हाईत. ते दुसऱ्या मारुतीचे वडील. साताऱ्याकडनं एसटीनं आल्यात. मी तवा अंगठा दिला असता, तर ह्यांचं लेकरू मी आमच्या मुळा नदीत सोडलं असतं, आणि हे घरी वाट बघत बसले असते. गेल्या महिन्यात त्यांच्या मारुतीच्या अस्थी त्यांच्या घरी पोचल्या. मी कळवलं न्हवतं, सुभेदारांकडनं कळलं तसे आज आलेत. मी विचारलं, "बाबा, एवढ्या लांब कशाला आलात?" तर म्हणाले, "माझं पोर एकटं न्हवतं, ते कुणाजवळ व्हतं ते बघाया आलो."

बाबा, तुमी पुढं या. वाट द्या रं त्यास्नी. ह्या कलशापाशी तुमी आधी उभं राहा. तुमच्या मागं आमी समदी उभी राहतो, आणि घटकाभर कुणी काय बोलू नका.